पहिलाच असेंबल्ड कॉम्प्युटर, लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी. पार्टची यादी बघून सांगा (अहमदपूर, जि. लातूर)

शटर_अहमदपूर

राम राम मंडळी.

अहमदपूरला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, सप्त्यातली कीर्तनं शूट करतो आणि एडिटिंगही स्वतःच करतो. सहा वर्षं एका लॅपटॉपवर काढली. मागच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत तो गेला. स्टुडिओ मेडिकल दुकानाच्या वर, डोक्यावर पत्रे. दुपारी खोलीत ४२-४३ डिग्री असतंच. पावणेदोन तासांची एक फिल्म एक्सपोर्टला (शेवटची फाइल बनवायला) लावली की अर्ध्यात मशीन बंद. तीन वेळा तसं झालं. चौथ्या दिवशी बॅटरी फुगली आणि टचपॅडच वर उचलला गेला. नवरीचे वडील रोज फोन करायचे, त्यांना पाहुण्यांसमोर फिल्म लावायची होती. शेवटी लातूरला मित्राच्या स्टुडिओत दोन रात्री बसून ती दिली. तेव्हापासून शूट अहमदपूरला, एडिट लातूरला आणि मधे एसटी, असं चाललंय.

आता उन्हाळी लग्नांच्या आधी स्वतःची मशीन उभी करायची आहे. बजेट ९० हजार. त्यातले ३० हजार बाबांनी सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिलेत, म्हणून एकही पार्ट चुकीचा घ्यायची माझी तयारी नाही. मॉनिटर आहे, कीबोर्ड-माउस आहे. कॅमेरा फोर-के, १०-बिट ४:२:२, एच.२६५ मध्ये (रंगांची जास्त माहिती असलेला, पण दाबून लहान केलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करतो. काम प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरवर.

एका दुकानदाराने यादी दिली ती अशी : इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबीची रॅमची एकच स्टिक, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, समोर काच आणि लाइटचे पंखे असलेलं कॅबिनेट, आणि त्या कॅबिनेटसोबतच येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). यूपीएस माझ्याकडे जुना ६०० व्हीएचा आहे, तोच चालेल म्हणाला. एकूण आकडा बजेटच्या थोडा आत बसतो.

मला विचारायचंय ते मुख्यतः प्रोसेसर आणि कार्डाबद्दल. एफ म्हणजे स्वस्तातला का? १६ जीबी पुरेल का? आणि कार्डावर अजून खर्च करू का?

जाता जाता एक सांगतो, त्याचा पार्टशी संबंध नसेल. प्रिंटिंगला एक जुना डेस्कटॉप आहे, त्याच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात जास्त. मी चप्पल घालून बसतो.


गोदाकाठ (नांदेड)

मीही लग्नाचंच काम करतो, म्हणून तुमच्या फुटेजपासून सुरुवात करतो.

एफ लावलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं, म्हणून तो थोडा स्वस्त. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही. तुम्हाला पडतो, आणि खूप पडतो. १०-बिट ४:२:२ चं एच.२६५ फुटेज उलगडायला इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये स्वतंत्र सोय आहे, तिला क्विक सिंक म्हणतात. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डात ४:२:२ साठी ती सोय नाही. एनव्हिडियाने ती ५० च्या मालिकेत, म्हणजे २०२५ पासूनच्या कार्डांत आणली. म्हणजे त्या यादीप्रमाणे घेतलं तर एवढे पैसे घालून टाइमलाइन अडखळतच राहील, कारण उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर पडेल. आम्ही हे एकदा भोगलंय. हळद आणि अक्षता दोन्हीकडचे तीन-तीन कॅमेरे एकत्र लावले की प्ले दाबून चहा प्यायला जायचं.

म्हणून साधा १२४०० घ्या, एफ नको. जमलं तर १२५०० बघा. कोअर तेवढेच सहा, पण आतलं व्हिडिओ इंजिन १२४०० मध्ये एक आणि १२५०० मध्ये दोन आहेत. भावातला फरक फार असेल तर १२४०० वरही काम छान होतं.

आतलं ग्राफिक्स असण्याचा दुसरा फायदा आपल्यासारख्या गावांना जास्त आहे. कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं, तर ते पुण्या-मुंबईहून परत येईपर्यंत मॉनिटरची केबल बोर्डाला लावून काम चालू ठेवता येतं. एफ असेल तर तेवढे दिवस पडदा काळा.

फक्त एक लक्षात ठेवा. कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू ठेवावं लागतं, नाहीतर क्विक सिंक प्रीमियरला दिसतच नाही.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली तर मेमरीचा रस्ता अर्धाच उघडतो. बोर्ड एच६१० ऐवजी बी७६०. एच६१० ला रॅमचे दोनच खण मिळतात, पुढे वाढवायची वाट तिथेच संपते. कार्ड आरटीएक्स ५०५० किंवा ५०६० बघा. कार्डावर यापेक्षा जास्त घालू नका, लग्नाच्या फिल्मला त्याची गरज नाही.


खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

माझं मत थोडं वेगळं. आज नवीन मशीन घेताना १२ व्या पिढीचं इंटेल म्हणजे पुढचा रस्ता बंद असलेली गल्ली आहे. एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या. त्याचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच) २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालवू, असं एएमडीने सांगितलेलं आहे. चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. ४:२:२ चं काम ५० मालिकेचं कार्ड करेल.

अडचण आहे ती रॅमची. एएम५ ला डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅमच लागते, आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास रॅमचे भाव जे चढले ते तुम्हाला ठाऊक असतीलच. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी कंपन्यांनी माल वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ ही महागली आहे, पण तुमच्या बजेटमध्ये ३२ जीबी डीडीआर५ बसवायला कार्ड कापावं लागेल. म्हणून तुमच्यापुरतं गोदाकाठ म्हणतात ते मान्य करतो. बोर्ड घेताना तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे खोक्यावर वाचूनच घ्या, बी७६० दोन्ही प्रकारांत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

बंद पडलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी एम.२ ची (बोर्डावर थेट बसणारी पट्टी) असेल तर ती काढून इथे लावा, तेवढे पैसे वाचले. आणि प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर घातलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. खोक्यातला प्रोसेसर घ्या, सुटा नको. खोक्यातल्याला इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी असते.


मांजराकाठ (लातूर)

दादा, तुमचं पूर्ण लिहिलेलं दोनदा वाचलं. वरच्या दोघांनी प्रोसेसर आणि कार्डाचं नीट सांगितलंय, त्यात मी भर घालत नाही. मला तुमच्या शेवटच्या ओळीवर बोलायचंय, झिणझिण्यांच्या. त्याचा पार्टशी संबंध नसेल असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात जास्त संबंध त्याचाच आहे.

मी २००३ पासून लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत स्वतःहून मेलेला प्रोसेसर मी बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. टेबलावर येतात ते जळलेले एसएमपीएस, त्याच्यासोबत गेलेले बोर्ड, आणि अचानक लाईट जाऊन खराब झालेल्या हार्ड डिस्क. आपल्याकडे मशीनला मारते ती लाईट. म्हणून माझ्याकडे कोणी यादी घेऊन आलं की मी ती खालून वाचतो. आधी अर्थिंग, मग यूपीएस, मग एसएमपीएस, मग बाकीचं.

झिणझिण्या का येतात ते सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन बारके कपॅसिटर डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. लाईनमधली खरखर जमिनीत सोडून देणं हे त्यांचं काम. पण अर्थिंगच नसेल तर ती जाणार कुठे? मग तो पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लोंबकळत राहतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. त्यातून वाहणारा करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. चप्पल घातल्याने तुम्हाला त्या जाणवत नाहीत एवढंच, पत्र्यावरचा व्होल्टेज तिथेच आहे. आणि मदरबोर्ड त्याच पत्र्याला स्क्रूने कसलेला असतो. तुम्ही त्याला कॅमेरा जोडणार, टीव्हीची एचडीएमआय लावणार-काढणार. एका बाजूला लोंबकळता पत्रा, दुसऱ्या बाजूला केबल-कनेक्शनच्या वायरीतून अर्थिंग आलेला टीव्ही. पिन टेकताना जी ठिणगी पडते तिने पोर्ट जातं. असे बोर्ड माझ्याकडे नेमाने येतात, आणि आणणारा म्हणतो, काहीच केलं नव्हतं, नुसती केबल लावली.

तेव्हा पार्ट नंतर. आधी एक साधा मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा आणि थ्री-पिन सॉकेटमध्ये मोजा. फेज ते न्यूट्रल जेवढं येईल, फेज ते अर्थिंग जवळजवळ तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थिंग दोन-चार व्होल्टच्या आत. न्यूट्रल ते अर्थिंग पन्नास-शंभर दाखवत असेल तर तुमचं अर्थिंग फक्त सॉकेटच्या भोकापुरतं आहे. फेजशी खेळणं आहे हे, सवय नसेल तर वायरमनला हाताशी घ्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. काही वायरमन स्विचबोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन एका तुकड्याने जोडून देतात. मीटरवर सगळं छान दिसतं, झिणझिण्याही थांबतात. पण ज्या दिवशी न्यूट्रल मागून सुटेल, आणि आपल्याकडे डीपीवर तो सुटतोच, त्या दिवशी कॅबिनेटच्या पत्र्यावर अख्खी फेज येईल. माणूस मरेल. असं कोणी करून देत असेल तर करू देऊ नका.

खरं अर्थिंग म्हणजे खड्डा, त्यात पाइप किंवा प्लेट, कोळसा-मीठाचे थर, आणि ओल. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली, पण फेब्रुवारी सरला की तिला भेगा पडतात आणि पाइपभोवती पोकळी होते. तुम्हाला उन्हाळ्यात झिणझिण्या जास्त येतात ना? खोलवर थोडंफार काही जोडलेलं असेल तर ते वाळतं म्हणून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. प्यायला पाणी नाही तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण घालणार? त्या एप्रिल-मे मध्ये माझ्या दुकानात जळलेल्या पॉवर सप्लायची रांग लागली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा घेऊ नका. त्याच्या अंगावर ५०० वॅट छापलेलं असतं, पण बाजूचा तक्ता वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाईनवर जगतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, बस. दुसरी खूण म्हणजे मागे ११५ आणि २३० चा लाल खटका. तो दिसला की समजा आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट नीट ओढणारं सर्किट) नाही. चुकून खटका ११५ कडे सरकला तर लावल्याबरोबर धडाका. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी शेतातल्या मोटरी चालू होतात आणि लाईट १७० वर येते, तेव्हाही तो शांतपणे चालतो. म्हणून वेगळा स्टॅबिलायझर लावायची गरज नाही. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), ५५० वॅट, ५ वर्षांची वॉरंटी, एवढं बघून घ्या.

तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस इथे चालणार नाही. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटच देतात. तुमच्या दुकानदाराच्या यादीत कार्ड १७० वॅटचं, प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत, बाकी पंखे-डिस्क-बोर्ड धरून साडेतीनशेच्या घरात. एसएमपीएस स्वतः थोडं खातो, भिंतीतून चारशेच्या वर ओढणार. एक्सपोर्ट चालू असताना लाईट गेली की यूपीएस ओरडून बंद, म्हणजे ज्या क्षणासाठी तो घेतला त्याच क्षणी नाही. ५०५० चं कार्ड १३० वॅटचं आहे, त्याने भार कमी होतो, तरीही १००० ते ११०० व्हीएचा घ्याच. दहा मिनिटं मिळाली तर फाइल सेव्ह करून बंद करता येतं.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं मनात असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचा खटका यूपीएस मोडवर हवा. लाईट जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या फटीत एसएमपीएसला स्वतःच्या दमावर तग धरायचा असतो. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद धरतो, आपल्या लाईनचा एक फेराही २० मिलिसेकंदांचा असतो. साध्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो आणि मशीन रिस्टार्ट होते.

कॅबिनेट समोर जाळीचं घ्या. काचेचं दिसायला सुंदर, पण तुमच्या पत्र्याच्या खोलीत तो तंदूर होईल. पंखा कितीही मोठा असला तरी खोलीतलीच हवा आत ढकलतो. २५ डिग्रीच्या खोलीत प्रोसेसर ७० वर चालत असेल तर ४२ च्या खोलीत तोच ८७-८८ वर जाणार. १२४०० ची मर्यादा १०० आहे. प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा गार खोलीत पुरतो. तासन्तास एक्सपोर्ट करायचा असेल तर उभा टॉवर कूलर घ्या, त्यातला साधासुद्धा चालेल. आणि पाण्याच्या कूलरचं तोंड मशीनकडे करू नका. राशींच्या (मळणीच्या) दिवसांत सोयाबीनचं भुसकट हवेत असतं, ते आणि ओल मिळून पंख्यांवर चिखल बसतो.

एवढा खर्च कुठून काढायचा? कार्डातून. ५०६० ऐवजी ५०५० घ्या आणि उरलेले इकडे घाला. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं.


शटर_अहमदपूर

मांजराकाठ दादा, वाचून लगेच मल्टिमीटर आणला. खालच्या मेडिकलवाल्या काकांचा ओळखीचा वायरमन सोबत होता.

फेज-न्यूट्रल २१२. फेज-अर्थिंग ९६. न्यूट्रल-अर्थिंग ११० च्या आसपास, आकडा स्थिर राहत नव्हता. वायरमनने बोर्ड उघडला तर हिरवी वायर सॉकेटपासून निघून बोर्डातच संपलेली, पुढे कशालाच जोडलेली नाही. इमारत बांधताना टाकली आणि तशीच राहिली. त्याने आधी तुम्ही म्हणालात तोच तुकडा जोडायची तयारी केली होती. मी तुमचं लिहिलेलं मोबाइलवर त्याला वाचून दाखवलं. तो थांबला, आणि म्हणाला, बरोबर आहे, पण लोक खड्ड्याचे पैसे देत नाहीत.

खड्ड्याचा खर्च मी एकट्याने करावा का? जागा भाड्याची आहे.


मांजराकाठ (लातूर)

आकडा हलतोय म्हणजे पिन हवेत आहे. खाली मेडिकल आहे म्हणता, तर त्यांचा औषधांचा फ्रिज त्याच लाईनवर असणार. त्यांना विचारा, फ्रिजच्या दाराला कधी झिणझिण्या येतात का. बोलून बघा, निम्मे ते देतील.


गोदाकाठ (नांदेड)

एक राहिलं होतं. फुटेजची दुसरी प्रत ठेवायला वेगळी हार्ड डिस्क बजेटमध्ये धराच. मशीनमध्ये एक, बाहेर एक, आणि जमलं तर घरी तिसरी. पार्ट बदलून मिळतो, पण लग्न दुसऱ्यांदा लावता येत नाही. आणि शूटवरून आल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करण्याआधी दोन्हीकडच्या फाइल उघडून बघायच्या, नुसता आकार जुळला म्हणून समाधान मानायचं नाही.


शटर_अहमदपूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे एक लग्न आणि दोन साखरपुडे झाले.

मांजराकाठ दादा, फ्रिजचं तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. काका म्हणाले, दोन वर्षांपासून दार उघडताना फडकं धरतोय. निम्मा खर्च त्यांनी दिला, घरमालकांनी मागच्या बोळात जागा दिली. खड्डा खणताना तीन फुटांवर मुरूम लागला, त्याखाली खडक, म्हणून दोघा मजुरांना दीड दिवस लागला. आता न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट येतो.

मशीन अशी झाली : आय५-१२४०० एफ नसलेला, बी७६० डीडीआर४ बोर्ड, १६ च्या दोन स्टिक, १ टीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ५०५०, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, टॉवर कूलर, ११०० व्हीएचा यूपीएस. १२५०० मिळाला नाही. लॅपटॉपमधली ५१२ ची एसएसडी दुसऱ्या खणात बसली, तिच्यावर प्रीमियरची कॅशे (तात्पुरत्या फाइल) ठेवलीय. खड्डा धरून बजेटच्या चार हजार वर गेलं. बाहेरची हार्ड डिस्क पुढच्या साखरपुड्याच्या पैशातून घेतली.

जोडणी मी आणि लातूरच्या मित्राने मिळून केली. पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले, डिस्प्ले नाही. छातीत धस्स झालं, बाबा शेजारीच बसले होते. अर्धा तास शोधलं. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची आठ पिनची केबल असते, ती टॉवर कूलरमागे लपली होती आणि लावायची राहिली होती. कोणी पहिल्यांदा जोडत असेल तर कूलर बसवण्याआधी ती केबल लावून टाका, नंतर तिथे हात जात नाही. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्सही बंदच होतं, गोदाकाठ दादांनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. आणि रॅमचा वेग कमी दाखवत होता, तो एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केल्यावर ३२०० झाला.

मे मधली ती पावणेदोन तासांची फिल्म माझ्याकडे अजून होती. सगळ्यात आधी तीच लावली. दुपारी तीन वाजता, खोलीत ३६ असताना. एका झटक्यात शेवटापर्यंत गेली. प्रोसेसर ७४ च्या वर गेला नाही. मधे लाईट दोनदा गेली, यूपीएसने दोन्ही वेळा धरलं. बाबांनी ती पूर्ण बघितली, त्यांना त्यातलं कोणी ओळखीचं नव्हतं तरी.

दादा, खड्ड्यात पाणी किती आणि किती दिवसांनी घालायचं तेवढं सांगा. वायरमन म्हणतो वर्षातून एकदा.


मांजराकाठ (लातूर)

वर्षातून एकदाने भागायचं नाही, खाली खडक आहे तुमच्या. मार्च लागला की दर पंधरा दिवसांनी दोन घागरी, मृग बरसेपर्यंत. भांड्याचं, आंघोळीचं सांडपाणी चालेल, पिण्याचं लागत नाही. दर वेळी पाणी घातल्यावर मल्टिमीटर लावून न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा. तो पाचच्या वर जायला लागला तर मला इथे कळवा.